लॅम्बोर्गिनीच्या काऊंटॅक गाडीचा पुनर्जन्म बघून मला वाईटच वाटलं, कुणाला पटतंय का?

इंजिनऑइल

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. गेल्या महिन्यात कामासाठी बोलोन्याला जाणं झालं, आमचा धंदा पॅकेजिंग मशिनरीचा आणि त्या धंद्याची पंढरी म्हणजे बोलोन्या. शनिवार मोकळा मिळाला, मग दुसरं काय करणार, अर्ध्या-पाऊण तासावर सांत आगाता, तिथलं लॅम्बोर्गिनीचं म्युझियम गाठलं.

जुन्या काऊंटॅकसमोर मी किती वेळ उभा होतो ते मलाच आठवत नाही. फोटोत कधी कळत नाही पण ही गाडी किती बुटकी आहे! उंची १०७ सेंमी, म्हणजे छत माझ्या बेंबीच्या जरासं वर. नाकापासून काचेच्या वरच्या टोकापर्यंत एकच तिरकी रेघ, मध्ये कुठे थांबणं नाही. १९७१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांनी ही बघितली तेव्हा आपल्याकडे अँबॅसडर आणि फियाट, त्याच्या पलीकडे गाडी कशी असू शकते हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

तर मुद्दा असा. २०२१ मध्ये कंपनीने नवी काऊंटॅक काढली, एलपीआय ८००-४, फक्त ११२ गाड्या. चेहरा जुना, कडेच्या हवेच्या झडपा जुन्यासारख्या, छतावर जुन्यासारखी खाच, आणि आत सियान या त्यांच्याच दुसऱ्या गाडीचा सांगाडा आणि सियानचंच व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन. मला बघून पहिल्यांदा आनंद झाला आणि पाच मिनिटांनी कसंतरीच झालं. शाळेच्या गॅदरिंगला कुणीतरी शिवाजी महाराज होतं ना, दाढी बरोबर असते, जिरेटोप बरोबर असतो, तसं.

आणि हे फक्त लॅम्बोर्गिनीचं नाही. फेरारीच्या १२चिलिंद्रीच्या नाकावर जुन्या डेटोना गाडीची काळी पट्टी, अल्फा रोमिओने जुनी ३३ स्त्रादाले परत आणली. ही आदरांजली आहे की कल्पना संपल्या? मूळ डिझायनर मार्चेल्लो गांदिनी यांनी तर जाहीर सांगितलं होतं की या नव्या गाडीशी माझा काही संबंध नाही, जुनंच परत काढणं माझ्या स्वभावातच नाही. मला त्यांचंच पटतं. तुमचं काय?

पक्याभाऊ

पहिला!

११२ लोकांना अजिबात वाईट वाटलं नाही, त्यांनी घेऊन टाकल्या. वाईट आपल्यालाच वाटतं कारण आपण घेऊ शकत नाही. 😄

हँडलगिअर

इंजिनऑइल, लिहिलंयस छान पण एक सांग, डिझायनरला नाही आवडलं म्हणून आपल्याला पण नाही आवडायला पाहिजे असं आहे का? सासूला सुनेचा स्वयंपाक आवडत नाही, म्हणून तो वाईट होत नाही.

सुमेधा_तोरिनो

चार वर्षं तोरिनोत आहे, आधी इथल्या तंत्रविद्यापीठात, पॉलितेक्निकोत शिकले, आता इथेच नोकरी, त्यामुळे राहवत नाही. आधी उच्चार. "काऊंटॅक" नाही हो, "कुंताच". हा इटालियन शब्दसुद्धा नाही, पिएमाँतेचा, म्हणजे तोरिनोच्या आसपासच्या बोलीतला आहे. गांदिनी सांगायचे की प्रोटोटाइपवर काम चालू होतं तेव्हा एक उंच, मोठमोठ्या हातांचा कारागीर होता, तो कायम बोलीतच बोलायचा आणि काहीही भारी दिसलं की "कुंताच!" म्हणायचा. शब्दशः अर्थ साथीचा रोग, पण म्हणायचं ते कौतुकाने. तेच नाव चिकटलं.

मराठीत सांगायचं तर गाडीचं नाव "आयला" ठेवलंय. 🙂

गांदिनींचं म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये आमच्या पॉलितेक्निकोने त्यांना मानद पदवी दिली, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची बरं का, कलेची नव्हे. मार्चमध्ये ते गेले. ८५ वर्षांचे होते. इथे लोक अजून एक गंमत सांगतात की गांदिनी, जुजारो आणि डेटोना काढणारे फिओराव्हांती, तिघं डिझायनर एकाच साली जन्मले, १९३८. गांदिनी आणि जुजारो तर एकाच महिन्यातले, ऑगस्ट. आणि बेर्तोने या डिझाइन कंपनीमधून जुजारो बाहेर पडले तेव्हा त्यांच्या खुर्चीत आले ते गांदिनी.

पक्याभाऊ

लॅम्बोर्गिनी आयला एलपीआय ८००-४. मी बुक करतो.

पत्रेवाला

भावा, मी कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो, वडलांपासून. डिझाइन-बिझाइन आमाला कळत न्हाई पण पत्रा कळतो. तू म्हणतोस एकच तिरकी रेघ. ती रेघ नव्या गाडीत पण हाय की. मग तुला काय खटकलं ते मी सांगू का? चाकं.

जुन्या गाडीचं चाक केवढं आणि पत्रा केवढा बघ. नव्या गाडीत चाक एवढं मोठं की पत्र्याला जागाच उरली न्हाई, म्हणून मग उरलेल्या जागेत चार बीट, म्हंजे उठावाच्या रेघा, मारायचे, दोन झडपा काढायच्या. आमच्याकडं पोरं येतात, स्विफ्टला १७ चे अलॉय टाकतात आणि म्हणतात काका गाडी वेगळी दिसायला लागली. दिसणारच की. बाकी तुझी गाडी एक नंबर, नाद खुळा.

जर्मन_मामा

पत्रेवाले, तुम्हाला दंडवत. आमच्या ऑफिसात तासभर प्रेझेंटेशन देऊन जे सांगतात ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत.

मी श्टुटगार्टच्या बाजूला गाड्यांच्या सरफेसिंगमध्ये आहे, म्हणजे डिझायनर चित्र काढतो आणि ते कारखान्यात बनेल अशा पृष्ठभागात बसवायचं काम आमचं. आकडेच बघा. १९७४ ची पहिली विक्रीची काऊंटॅक, एलपी४००, तिची चाकं १४ इंची. हो, चौदा, आज साध्या हॅचबॅकला याहून मोठी येतात. नवीला पुढे २० आणि मागे २१. लांबी ४.१४ मीटरवरून ४.८७ वर गेली, रुंदी १.८९ वरून २.१० वर. वजन कोरडं म्हणजे तेल-पाणी सोडून १०६५ किलो होतं ते आता १५९५. म्हणजे तीच रेघ ओढायची, पण कागद सव्वापटीहून मोठा आणि मध्ये अर्धा टन जास्त माल.

त्यात कायदे. पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर खाली इंजिनाच्या लोखंडावर आदळू नये म्हणून पत्र्याखाली मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे नाक आपोआप वर. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून काचेच्या कडेचे खांब जाड. त्या उघडझाप करणाऱ्या हेडलाइट तर गेल्याच, २००४ मध्ये लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट बंद झाल्यापासून मोठ्या कंपन्यांच्या नव्या गाड्यांत दिसल्याच नाहीत. तेव्हा गांदिनी आज पंचविशीत असते तरी १९७१ ची गाडी त्यांना जशीच्या तशी काढता आली नसती.

आणि गंमत ऐका. २००६ मध्ये लॅम्बोर्गिनीने मिउरा या आपल्या जुन्या गाडीचं नवं रूप डेट्रॉइटला दाखवलं होतं, वॉल्टर द सिल्व्हाचं डिझाइन, फार देखणं. तेव्हाचे प्रमुख श्टेफान विंकेलमान म्हणाले की ही गाडी विकायला काढणार नाही, जुन्याचं नवं करणं हे आमचं काम नाही. मग ते दुसरीकडे गेले, २०२० च्या शेवटी परत लॅम्बोर्गिनीत आले आणि २०२१ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत काय आलं? काऊंटॅक.

खवचट_खान

माणूस बदलतो हो. मी पण म्हणायचो लग्न करणार नाही.

मी_अडाणी

प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारते. प्रेरणा आणि कॉपी यात रेघ कुठे मारायची? माझ्या डोक्यात कायम शिवलेली नऊवारी येते. लांबून बघितली तर नऊवारीच, काष्टा आहे, निऱ्या आहेत, फोटोला झकास. पण ती नेसलेली नाही, चढवलेली आहे, मागे चेन आहे. आजी बघून म्हणाली, "बरी दिसतेस, पण हे पातळ नव्हे, ही विजार." नवी काऊंटॅक म्हणजे चेन लावलेली नऊवारी का?

इंजिनऑइल

मी_अडाणी, नाव बदला. हेच, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि मी शिवाजी महाराजांच्या दाढीत अडकलो.

हँडलगिअर

पण शिवलेली नऊवारी निघाली म्हणून तर आजकालच्या मुली ढोल-ताशा पथकात दोन दोन तास नाचतायत ना! माझी सूनही त्यातलीच. नाहीतर कपाटात पडून राहिली असती ती नऊवारी.

सुरेल

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, नवऱ्याने धागा दाखवला म्हणून आले. पण गाण्यात हा वाद आमच्याकडे रोज असतो. बंदिश दोनशे वर्षं जुनी असते, ती कुणी "जुनी" म्हणून सोडून देत नाही. आणि कुणी गुरूची तान जशीच्या तशी मारली तर श्रोते टाळ्या वाजवतात पण जाणकार मान हलवत नाहीत. बंदिश तीच, बढत तुझी पाहिजे. गाड्यांत असं कुणी केलंय का, की मुखडा जुना घेतला आणि पुढे आपलं गायलं?

सुमेधा_तोरिनो

सुरेलताई, आहे ना. अल्फाची ३३ स्त्रादाले.

मूळ गाडी १९६७ ची, फ्रांको स्कालियोनेची. रेसिंगच्या गाडीवर रस्त्याचे कपडे चढवलेली, दोन लिटरचं व्ही८, उंची ९९ सेंमी, फक्त १८ बनल्या. दरवाजे फुलपाखरासारखे वर उघडतात आणि दरवाज्याची काच वळून छतात शिरते, तो भाग बघितला की सांगता येत नाही हा दरवाजा की छत. नवी ऑगस्ट २०२३ मध्ये अरेझेच्या म्युझियममध्ये दाखवली, ३३ गाड्या, बनवते मिलानजवळची कारोझेरिया तुरिंग, गाड्यांच्या बॉडी बनवणारी जुनी कंपनी. तिच्यात जुन्याचा एकही भाग उचलून चिकटवलेला नाही. पण पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर येणारं ते गुबगुबीत वळण, त्यावर बसलेली छोटीशी घुमटासारखी काच, हे सूर जुने. आत तर स्टिअरिंगवर एकही बटण नाही, २०२३ मध्ये! मी अरेझेला जाऊन बघून आले. नजर लागेल अशी आहे.

जर्मन_मामा

+१. त्यात इंजिन व्ही६ टर्बो किंवा पूर्ण इलेक्ट्रिक, म्हणजे आतलं गाणं तर अजिबात जुनं नाही.

पक्याभाऊ

९९ सेंमी?? आमच्या सोसायटीचा स्पीडब्रेकर ओलांडायला तिला क्रेन लागेल.

खवचट_खान

फेरारीवर दोन शब्द कुणी बोलतच नाही, म्हणून मीच.

"डेटोना" हे त्या १९६८ च्या गाडीचं नावच नव्हतं. कागदावर ३६५ जीटीबी/४. १९६७ च्या डेटोना २४ तासांच्या शर्यतीत फेरारीने पहिला, दुसरा, तिसरा नंबर काढला म्हणून पेपरवाल्यांनी टोपणनाव ठेवलं. मग २०२१ मध्ये फेरारीने गाडी काढली डेटोना एसपी३, ती दिसते कशासारखी, तर डेटोनासारखी नाही, त्या १९६७ च्या शर्यतीतल्या पी३/४ सारखी. आणि २०२४ मध्ये जी खरोखर डेटोनासारखी दिसते तिचं नाव ठेवलं १२चिलिंद्री, म्हणजे "बारा सिलिंडर". बारशाला आत्याच आलेली दिसत नाही.

आणि आता ८४९ टेस्टारोसा. १९८४ च्या टेस्टारोसाची ओळख काय? दोन्ही कुशीतल्या त्या किसणीसारख्या पट्ट्या. नव्या गाडीत नाव आहे, किसणी नाही. म्हणजे साबुदाण्याची खिचडी मागितली आणि साबुदाणा संपलाय म्हणाले.

जर्मन_मामा

खान, किसणीचं कारण ऐका, मग राग कमी होईल. आधीच्या ५१२ बीबीत रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे गरम पाण्याचे पाइप केबिनमधून जायचे आणि आतला माणूस शिजायचा. टेस्टारोसात रेडिएटर कुशीत आणले, त्याला हवा द्यायला मोठी भोकं पाडावी लागली, आणि काही देशांच्या नियमांना गाडीच्या कुशीत एवढी उघडी भोकं चालत नव्हती, म्हणून पट्ट्या. म्हणजे ती नक्षी नव्हती, गरज होती. आता गरज नसताना पट्ट्या मारल्या असत्या तर इंजिनऑइल इथे दुसरा धागा घेऊन आले असते.

डेटोनाचंही तसंच. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे आडवी पारदर्शक पट्टी आणि तिच्यामागे दिवे होते, अमेरिकेच्या नियमात बसेना म्हणून नंतर उघडझाप दिवे आले. म्हणजे १२चिलिंद्रीने जी पट्टी घेतलीय ती मूळ डिझाइनची, कायद्याने काढायला लावलेली. मला तर ते आवडलं. वर ६.५ लिटरचं व्ही१२, टर्बो नाही, ९५०० आरपीएम.

चेतकस्वार

माफ करा अवांतर होतंय, पण मंडळी इटलीला कशाला जाता? जुन्या इटालियन डिझाइनचं पुनरुज्जीवन अकुर्डीत झालंय! बजाज चेतक म्हणजे मुळात व्हेस्पाच, व्हेस्पावाल्या पियाज्यो कंपनीबरोबरचा करार संपल्यावर बजाजने आपल्या नावाने काढलेली. आणि आता इलेक्ट्रिक चेतक. तिचा पुढचा भाग, ते गोल खांदे, पत्र्याची बॉडी. स्पोर्ट्स कार नाही हे मान्य, पण धाग्यातला प्रश्न तोच ना.

मी_अडाणी

आमच्या बाबांना चेतक बुक केल्यावर मिळाली तेव्हा मी दुसरीत होते. बुक केली तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं.

पक्याभाऊ

नव्या चेतकमध्ये एक गोष्ट नाही. ती एका बाजूला वाकवून मग किक मारायची ना, ते. वाकवल्याशिवाय चेतक कसली!

चेतकस्वार

मी आजही सिग्नलला थांबलो की पाय आपोआप किक शोधतो. बायको म्हणते, शॉक बसेल एक दिवस.

हँडलगिअर

अवांतर चाललंच आहे तर माझंही ऐका. माझ्याकडे १९७८ ची पद्मिनी आहे, अजून चालू, दर रविवारी दूध आणायला बाहेर काढतो. कुर्ल्याला बनलेली, पण मूळची फियाट ११००. तिच्या आधीची गोलमटोल, जिला आपण सगळे "डुक्कर फियाट" म्हणायचो, ती पण त्यांचीच. हँडल गिअर, बेंच सीट, पुढे तीन माणसं आणि मधल्याच्या गुडघ्याला गिअर लागायचा नाही, ही सोय आजच्या कुठल्या गाडीत आहे सांगा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. त्या दिवशी मी माझ्या गाडीला जास्वंदीचं फूल वाहिलं, बायको हसली.

आता कुणी नवी पद्मिनी काढली, इलेक्ट्रिक, मागे ती पंखासारखी टोकं असलेली, तर मी काय करेन? इंजिनऑइलसारखा रडत बसणार नाही. शोरूममध्ये पहिला नंबर माझा. आणि घरी येऊन जुन्या गाडीला सांगेन की ही तुझी नात.

इंजिनऑइल

काका, हे वाचून डोळे पाणावले, पण मुद्दा तिथेच राहिला. नात आजीसारखी दिसते ते आपोआप. कुणी नातीच्या तोंडावर आजीचा मुखवटा बसवत नाही.

खवचट_खान

इंजिनऑइल, सोशल मीडियावर लोक हल्ली तेच करतायत, बघितलं नाहीस वाटतं.

जर्मन_मामा

सगळ्यात चांगलं पुनरुज्जीवन इटालियन कंपनीने केलेलंच नाही असं माझं मत, आणि त्याबद्दल मला शिव्या घाला. १९७४ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात ह्युंदाईने एक पोनी कूपे ठेवली होती, डिझाइन जुजारोचं, पाचरीसारखी, नंतर त्यांच्याच डिलोरियन गाडीमध्ये तिचे सूर ऐकू येतात. ती कधी विकायला आली नाही, आणि मूळ गाडीच हरवली. २०२२ मध्ये ह्युंदाईने एन व्हिजन ७४ दाखवली, हायड्रोजन आणि बॅटरीवर चालणारी, तोच पाचरीचा आकार, पण रुंद, चौकोनी ठिपक्यांचे दिवे, बघून वाटतं की पोनी कूपे विकली गेली असती आणि तिच्या पाच पिढ्या झाल्या असत्या तर आजची अशी असती. आणि २०२३ मध्ये जुजारोंनाच बोलावून हरवलेली मूळ गाडी पुन्हा बनवून घेतली. म्हातारबुवांना बोलावलं, हे महत्त्वाचं. तिकडे गांदिनींना कुणी असं विचारलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

पक्याभाऊ

जुजारो म्हणजे तेच ना ज्यांनी मॅटिझ काढली? आमच्या काकांची होती, पिवळी. म्हणजे मी लहानपणी इटालियन डिझायनर गाडीतून क्लासला जायचो आणि मला कुणी सांगितलंही नाही.

सुमेधा_तोरिनो

हो तेच. आणि इंडिकाचं डिझाइन पण तोरिनोतल्या एका स्टुडिओबरोबर झालं. आणि ज्या पिनिनफरिनाने फेरारीच्या साठ वर्षांच्या गाड्या काढल्या, ती डिसेंबर २०१५ च्या करारापासून महिंद्राकडे आहे. इथे कुणाला सांगितलं की माझ्या काकांकडे त्याच महिंद्राचा ट्रॅक्टर आहे, तर आधी विश्वास बसत नाही, मग कॉफी पाजतात.

इंजिनऑइल, तुमच्यासाठी एक. इथून तासाभरावर कुनेओला किमेरा नावाची छोटी कंपनी आहे. ते लँचिया ०३७ परत करतात, १९८३ मध्ये रॅलीचं जगज्जेतेपद जिंकलेली, फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली ती शेवटची जगज्जेती गाडी. लँचियाच्याच जुन्या बीटा माँतेकार्लोचा मधला सांगाडा घ्यायचा, वर कार्बन फायबर, आणि इंजिनाला टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही. त्या काळी लँचियात इंजिनं करणारे क्लाउदियो लोंबार्दी यांनाच कामाला घेतलं. ३७ गाड्या. लांबून जुनीच वाटते, जवळ गेलं की कळतं. याला तुम्ही मुखवटा म्हणाल का?

पत्रेवाला

हे जे जुन्या सांगाड्यावर करतात ते मला पटतंय. आता मी जरा मोठं लिवतो, गिऱ्हाईक न्हाई आज.

वडील सांगायचे पत्रा डोळ्यानं बघायचा न्हाई. हाताखाली फडकं धरायचं आणि तळवा फिरवायचा, उघड्या हाताला कळत न्हाई पण फडक्यातनं खड्डा लगेच कळतो. मग आतनं डॉली, म्हंजे लोखंडी ठोकळा, धरायची आणि वरनं हातोडी, आवाज बदलला की समजायचं पत्रा जागेवर आला. ज्याला हे येत न्हाई तो लांबी, म्हंजे पुट्टी, भरतो. लांबी भरून घासून रंग मारला की दिसायला सारखंच, पण दोन पावसाळ्यात पापुद्रा निघतो.

मी यूट्यूबवर बघितलं, लॅम्बोर्गिनीनं ती पयली पिवळी काऊंटॅक, एलपी५००, परत हातानं बनवली, कारण मूळची १९७४ साली क्रॅश टेस्टमध्ये ठोकून संपवली व्हती. २५ हजार तास लागले म्हणे. टायरवाल्या कंपनीनं तसले जुने टायर परत बनवून दिले. हे पण २०२१ सालीच. म्हणजे एकाच साली एकाच कंपनीनं एक हातोडीची काऊंटॅक केली आणि एक लांबीची. हातोडीची एकच, लांबीच्या ११२. तुमाला दोन्ही पायजे असतील तर भांडण कशाला, पण लांबीवाल्याला हातोडीवाल्याचा भाव लावू नगा एवढंच.

जर्मन_मामा

प्रतिसाद जतन केला. सोमवारी ऑफिसात भाषांतर करून सांगणार.

सुरेल

"आवाज बदलला की समजायचं." पत्रेवाले दादा, आमच्याकडे तबला लावताना असंच असतं.

मी_अडाणी

पण एक राहिलं, एकदम जशीच्या तशी केलेली गाडी म्हणजे गुरूची तान जशीच्या तशीच ना? तिथे तर म्हणालात जाणकार मान हलवत नाहीत. मग एलपी५०० ला का हलवायची?

सुरेल

पकडलंत मला. 🙂 ती मैफल नव्हे, ते रेकॉर्डिंग स्वच्छ करून परत ऐकवणं. त्याला मान हलवत नाहीत, डोळे मिटतात. पण हो, उत्तर जरा पळवाटीचं आहे.

खवचट_खान

धागाकर्ता कुठाय? आग लावून पसार?

इंजिनऑइल

आहे आहे. शनिवारी चिंचवडच्या घरी गेलो होतो, आईने माळा साफ करायला लावला. आता जे सांगतो ते सांगू की नको असं दोन दिवस चाललंय, पण पत्रेवाल्यांनी एवढं लिहिलंय तर लपवणं बरं नाही.

मी आठवीत असताना लक्ष्मी रोडच्या फुटपाथवरून काऊंटॅकचं पोस्टर आणलं होतं, दहावीपर्यंत अभ्यासाच्या टेबलावर होतं, मग घराला रंग दिला तेव्हा काढलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की ते एलपी४०० चं आहे. गांदिनींची शुद्ध, बिनपंखाची, एकच रेघ. बोलोन्याला मी जिच्यासमोर उभा होतो तिच्यात मला तेच दिसत होतं आणि त्याच जोरावर हा सगळा धागा काढला.

ते माळ्यावर जुन्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं सापडलं. मंडळी, त्याला मागे भलामोठा पंख आहे. चाकांवर फुगवलेले मडगार्ड. कुशीत पट्ट्या, बंपर मोठा. शोधून बघितलं तर ती १९८८ ची, कंपनीच्या पंचविसाव्या वाढदिवसाची गाडी निघाली, जिचं नवं रूप होरासिओ पगानीने केलं होतं, हो तोच, पुढे स्वतःची कंपनी काढणारा. म्हणजे आठवीपासून मी जिच्यावर जीव टाकला ती आधीच दुसऱ्या कुणीतरी सजवलेली होती, आणि बिनपंखाची मी नंतर कधीतरी डोक्यात बसवून घेतली.

पत्रेवाला

म्हणजे भावा, लांबीच!

पक्याभाऊ

दहा वर्षांनी हा माणूस धागा काढणार, "आमच्या काळची २०२१ ची काऊंटॅक किती शुद्ध होती."

हँडलगिअर

काही हरकत नाही रे बाळा. माझ्या पद्मिनीला पण १९९२ पासून दुसऱ्या गाडीचे हॉर्न आहेत, तिला सांगितलेलं नाही.

सुमेधा_तोरिनो

पंख होता तर होता, त्याला लाजायचं कशाला. फोटो टाका ना पण.

इंजिनऑइल

टाकतो. झाकणावरून निघत नाहीये, एक कोपरा आधीच फाटला. आई म्हणते, ट्रंक खाली आणायचीच असेल तर आतल्या गाद्या आधी उन्हात टाक.

पत्रेवाला

ओढू नगोस. हेअर ड्रायरनं मागनं शेक दे, डिंक सुटतो. आणि कोपऱ्यापासनं न्हाई, मधनं सुरू कर.